नेट स्लो आहे, पण अडलंय कुठे? घरबसल्या करता येतील अशा तपासण्या

बेळगाव : शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, रात्रीचे दहा वाजलेले. शेजारच्या वहिनी मुलीला घेऊन दारात आल्या. "भाऊजी, आमचं नेट चालेना. तुमच्याकडून अर्ज भरून घेऊ का?" कंपनीला त्यांनी तीन वेळा फोन केला होता. तिन्ही वेळा उत्तर एकच, लाईन चालू आहे. अर्ज आमच्याकडून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी बघितलं, तर कंपनी खरंच बोलत होती. राऊटर दिसायला बरा नाही म्हणून लोखंडी कपाटामागे ठेवला होता आणि मुलगी बसायची मागच्या खोलीत.

कॉमर्सला असताना तेरीज जुळली नाही की सर आधी विचारायचे, फरक कुठल्या खात्यात आहे? नेटचंही तसंच. मोबाईल, वायफाय, राऊटर, कंपनीची लाईन आणि शेवटी ती वेबसाईट, या पाच ठिकाणांपैकी कुठेतरी अडलेलं असतं. ते ठिकाण शोधायची साधनं फुकट आहेत.

आधी दिवे बघा

फायबर असेल तर डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत येत नाही. वायर तुटली असेल किंवा जोड सुटला असेल. अशा वेळी पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नका, सरळ तक्रार नोंदवा.

स्पीड टेस्ट : एकदा नाही, दोनदा

ऊक्ला कंपनीची 'स्पीडटेस्ट' २००६ पासून आहे, नेटफ्लिक्सची 'फास्ट डॉट कॉम' २०१६ पासून. दूरसंचार नियामक 'ट्राय'चं 'मायस्पीड' ॲपही आहे. एक टेस्ट राऊटरजवळ उभं राहून करा, शक्य असेल तर लॅपटॉपला केबल लावून. दुसरी नेहमीच्या जागेवर. जवळ ९० आणि खोलीत १० येत असेल तर दोष वायफायचा. राऊटर मोकळ्या, उंच जागी घराच्या मध्यावर ठेवा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण भिंतीपलीकडे कमी पोचतं. लांबच्या खोलीला २.४ बरं.

इथे बरेच जण दोन गोष्टींत फसतात. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाईल डाऊनलोड होताना आकडा दिसतो मेगाबाईटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाईट. म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाईट दिसले तर वेग पूर्ण मिळतोय. दुसरं, काही जुन्या राऊटरचं केबलचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं. त्यावर ३०० चा प्लॅन घेतला तर वरचे पैसे वायाच.

वेगवेगळ्या साईटवर वेगवेगळा आकडा येतो, कारण प्रत्येकीचे सर्व्हर वेगळे. तुलना करायची तर साईट एकच ठेवा. 'स्पीडटेस्ट'वर सर्व्हरही तोच निवडा. आज पुण्याचा, उद्या बेंगळुरूचा असं नको.

स्पीड आहे, तरी आवाज तुटतो?

मग 'पिंग' बघा. निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले, ते यातून कळतं. माईक म्यूस यांनी १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून घेतलं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहून आधी राऊटरचा पत्ता द्या. तो राऊटरच्या स्टिकरवर मिळतो, बहुतेकदा १९२.१६८.१.१ असा असतो. मग ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता द्या. सगळं इंग्रजीत टाईप करायचं. राऊटरकडूनच उत्तरं गळत असतील तर बिघाड घरात. राऊटर नीट बोलतोय आणि ८.८.८.८ कडून उत्तरं गळतात, तर बिघाड बहुधा बाहेर.

८.८.८.८ उत्तर देतोय, पण एकही साईट उघडत नाही? मग साईटच्या नावावरून पत्ता शोधणारी 'डीएनएस' सेवा अडली असण्याची शक्यता जास्त. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करून बघा.

एकच साईट बंद असेल तर

'डाउनडिटेक्टर'वर मोठ्या सेवांबद्दल लोकांनी केलेल्या तक्रारींचा आलेख दिसतो. सरकारी पोर्टल तिथे नसेल तर तीच साईट मोबाईल डेटावर उघडा. दोन्हीकडे बंद असेल तर बहुधा साईटच झोपली आहे. राऊटर दहादा बंद-चालू करून काही होणार नाही.

सीमेवरच्यांसाठी

दूरसंचारच्या हिशेबात बेळगाव, निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये, तर कागल, चंदगड आणि गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये. सीमेलगतच्या गावात फोन पलीकडचा टॉवर पकडतो. अनेक फोनवर 'डेटा रोमिंग' बंद असेल तर कांड्या पूर्ण दिसूनही नेट चालत नाही. ते एकदा चालू करून बघा.

तक्रार करताना

तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास केबल लावून टेस्ट करा, तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार केली की डॉकेट नंबर मागून घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला फी नाही. अपील आपल्या सर्कलच्या प्राधिकरणाकडे करायचं. 'ट्राय' स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस अशी सरकारी व्याख्या आहे, पण आपलं मोजमाप आपल्या प्लॅनशीच करा.

वहिनींचा राऊटर आता हॉलमध्ये, टीव्हीच्या वर आहे. दोन महिन्यांनी आमचंच नेट रात्री रडायला लागलं. फोनवर तेच ऐकलं, लाईन चालू आहे. या वेळी माझ्याकडे नऊ स्क्रीनशॉट होते. ते पाठवले, दुसऱ्या दिवशी माणूस आला आणि खांबावरचा जोड बदलून गेला.