चिखल आणि ‘शक्तिमान’

बुलढाणा जिल्ह्यात चिखली-मेहकरकडच्या काळ्या रानात चांगला पाऊस झाला, की पांदण रस्ते बंद पडतात. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि निसरडे होते. भरलेला ट्रक तिथे रुतला, की मागची चाके जागच्या जागी फिरत राहतात. इंजिनाची ताकद कमी पडते का? नाही. मग अडते कुठे? याचे उत्तर आपल्या सैन्याच्या ‘शक्तिमान’ ट्रकमध्ये पाहता येते.

स्वातंत्र्यानंतर लष्कराकडील बऱ्याच गाड्या दुसऱ्या महायुद्धातल्या, परदेशी बनावटीच्या होत्या. त्या जुन्या झाल्या, सुटे भाग मिळणे कठीण झाले. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीकडून परवाना घेण्यात आला आणि १९५९ साली जबलपूरच्या सरकारी कारखान्यात शक्तिमानचे उत्पादन सुरू झाले. १९६२ च्या युद्धाने डोंगराळ सीमेवर अशा वाहनांची गरज किती आहे हे दाखवून दिले.

शक्तिमानची चारही चाके इंजिनाच्या जोरावर फिरत. त्याने काय साधते? चाक जमिनीला किती जोराने मागे रेटू शकेल, हे घर्षणावर ठरते आणि घर्षण चाकावरच्या भारावर. समजा, भरलेल्या ट्रकचे वजन १० टन आहे. त्यातले ६ टन मागच्या चाकांवर, ४ टन पुढच्या. चिखलात घर्षणांक ०.२ धरू. फक्त मागची चाके फिरत असतील, तर जास्तीत जास्त ओढ १.२ टन मिळेल. चारही फिरली, तर २ टन. चिखलातून निघायला १.५ टन ओढ लागत असेल, तर पहिला ट्रक अडकेल, दुसरा निघेल. इंजिन कितीही मोठे बसवले तरी पहिल्याचे नशीब बदलणार नाही!

वर्गात हे सहज दाखवता येईल. ताणकाट्याने टेबलावर एक वीट ओढा, मग तिच्यावर दुसरी ठेवून ओढा. काट्यावरचे आकडे विद्यार्थ्यांनाच वाचू द्या.

शक्तिमानचे उत्पादन १९९६ साली थांबले. त्यांची जागा टाटा आणि अशोक लेलँड यांच्या गाड्यांनी घेतली. त्याही जबलपूरला जोडल्या गेल्या, पण आराखडे त्या कंपन्यांचे होते. सुमारे साडेतीन दशके एक ट्रक बनवूनही त्याचा वारसदार त्या कारखान्याच्या आराखड्यातून आला नाही, याचा विचार व्हायला हवा. परवान्याबरोबर नकाशे आणि मापे मिळतात. ती मापे तशीच का, हे मात्र स्वतः प्रयोग करून शोधावे लागते. दोन विटा आणि एक ताणकाटा यांपासून ही सवय लावता येईल.