धूर नसलेला अग्नी

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीतल्या एका बैठकीत मी सुचवलं, की इथल्या बेघरांविषयी लोकांना जागं करणारा एखादा कार्यक्रम घेऊ या. समोर बसलेले ज्येष्ठ वकील हसून म्हणाले, "बेघर? अहो, इथे घरांना माणसं मिळत नाहीत आणि तुम्ही घर नसलेली माणसं शोधताय!" सगळे हसले, मीही हसलो. वाक्य झकास होतं. म्हणूनच त्याचा समाचार घ्यायला हवा.

आधी पूर्वपक्ष मांडतो, काटछाट न करता. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 17 लाखांच्या आसपास होती, 2011 ला ती 16 लाख 15 हजारांवर आली. राज्य वाढत होतं, आम्ही आटत होतो. हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया, कारण पुरुष मुंबईला. गावोगाव चिरेबंदी घरांना कुलपं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येतात त्या विदर्भ-मराठवाड्यातून. आणि कोकणी माणूस पेज पिऊन दिवस काढील, पण कुणापुढे हात पसरणार नाही. यातलं काहीच खोटं नाही. घोटाळा आहे तो यावरून काढलेल्या अनुमानात.

नैयायिकांचा एक जुना दाखला आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे धूर नाही तिथे अग्नी नाही, हे खरं नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. भीक हा गरिबीचा धूर आहे. तो दिसत नाही म्हणून आग नाही असं म्हणणाऱ्याने गोळ्याला एकदा हात लावून बघावा.

आमचे कायदेही धुरामागेच धावतात. 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा नुसतं भीक मागणाऱ्याला पकडून थांबत नाही. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसलेला जो माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो की तो भिकेवर जगत असावा असं वाटावं, तोही त्याच्या लेखी भिकारीच. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातली भिकेला गुन्हा ठरवणारी कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 साली रद्द केली. आमच्याकडे मात्र अजून दिसला तर गुन्हेगार, न दिसला तर अस्तित्वातच नाही.

न बघण्याचा आम्हा रत्नागिरीकरांचा सरावही जुना. पाहुणा आला की त्याला थिबा पॅलेस दाखवायचा, ब्रह्मदेशाचा राजा इथे कैदेत कसा होता ते रंगवून सांगायचं. त्या राजाची नात टूटू याच गावात हलाखीत जगली आणि 2000 साली इथेच वारली. गॅलरीतून समुद्र दाखवताना तिची आठवण कितीजण काढतात?

आता व्याख्येकडे. जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, पाइपात, फलाटावर, देवळाच्या मंडपात राहणारा. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री अशांची गणती झाली आणि देशभरात सुमारे 17 लाख 70 हजार माणसं भरली. दिल्ली-मुंबईसाठी ही व्याख्या ठीक असेल. इथे ती लावली की तर्कशास्त्रात ज्याला अव्याप्ती म्हणतात तो दोष लागतो: जे पकडायला हवं तेच निसटतं. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे उघड्यावर झोपणार कोण? इथला गरीब कसल्या ना कसल्या छपराखाली शिरतोच. पण ते छप्पर त्याचं नसतं. आंब्याच्या बागेत राखण करणारा नेपाळी गडी बायकापोरांसह मांगरात असतो तो आंबा उतरेपर्यंत. मिरकरवाड्यातला खलाशी नौकेवर झोपतो आणि 1 जूनला मासेमारी बंद झाली की वळकटी उचलतो. चिरेखाणीवरचा मजूर दिवसभर दुसऱ्यांच्या घरांसाठी जांभा काढतो आणि रात्री निळ्या ताडपत्रीखाली झोपतो. उत्तरेला खेड, दापोली, मंडणगडकडच्या कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्यांच्या जमिनीत उभ्या आहेत.

यावर हमखास येणारा आक्षेप, की हे सगळे बाहेरचे, कातकरी सोडले तर आपले कोण? मी उलटा प्रश्न विचारतो. आपले बेघर कुठे गेले होते? ते गिरणगावात गेले होते. परळ-लालबागच्या चाळीत गावकीची एक खोली असे. तिच्यात एकाच गावचे तीस-चाळीस चाकरमानी पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच्याच वळकटीवर आडवा होई. प्रत्येकाच्या मालकीची ट्रंक आणि खुंटी एवढंच, जेवण खानावळीत. मनीऑर्डर मात्र वेळेवर. आम्ही आमची बेघरी बोटीत आणि एसटीत बसवून मुंबईला धाडली आणि मागे राहिलेल्या रिकाम्या गावाला समाधानी म्हटलं. जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप फसला तेव्हा यातले कितीतरी परत आले, अनेकजण तर भाऊबंदांच्या पडवीत.

पडवीवर जरा थांबतो, कारण ती माझ्या घरची आहे. आमचं गावचं घर वर्षभर बंद असतं. पडवीत एक म्हातारं जोडपं राहतं, राखणीला. एक पत्र्याची ट्रंक, भिंतीत खिळे ठोकून टांगलेली चार भांडी, वळचणीला चूल, कोपऱ्यात गोधड्यांची चवड. गणपतीला आम्ही आलो की त्यातली म्हातारी, आमची काकी, पडवी सारवून मोकळी करून ठेवते. ती दोघं त्या दिवसांत कुठे झोपतात हे मी एकोणीस वर्षांत विचारलं नव्हतं. यंदा रात्री विजेरी घेऊन मागे गेलो तेव्हा दिसलं. गोठ्यात. गुरं विकून झाली आहेत, जागा कोरडी आहे, असं काकीनेच मला समजावलं.

त्यांचं मातीचं घर एका पावसात बसलं. घरकुलाच्या यादीत नाव आलं, पण घर होतं ती जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. सरकार पैसे द्यायला तयार आहे, पण जमीन कुठे आहे? घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, त्याला अर्धा गुंठा पुरे. आमच्या नावावर पडीक वरकस सव्वादोन एकर आहे. ‘आमच्या’ म्हणजे त्रेचाळीस जणांच्या, त्यातले अकरा वारलेले. कोकणात बेघर माणूस असा सामाईक सातबाऱ्यात अडकलेला असतो, फुटपाथवर शोधून सापडत नाही.

म्हणून जागृतीचा कार्यक्रम म्हणजे फुटपाथवर कांबळी वाटतानाचे फोटो, हेही मला पटत नाही. इथे कांबळं नको आहे. ज्याच्या पडवीत, बागेत, खाणीवर माणूस झोपतो त्याने स्वतःचा सातबारा काढून बघावा आणि ग्रामसभेत उभं राहून सांगावं, की हा इतकी वर्षं इथे राहतो, याला घर क्रमांक द्या. खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळांसाठी डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. 1949 ला खोती कायद्याने गेली. आमच्या वागण्यातून गेली का, हे ज्याने त्याने आपल्या पडवीत जाऊन तपासावं.

मी भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप गटावर अर्ध्या गुंठ्याचं संमतीपत्र टाकलं. नऊ सह्या आल्या. दोघांनी नमस्काराचे हात पाठवले. मसुदा एकदा दाखवून घ्यावा म्हणून त्याच वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला आणि फी न घेता सल्ला दिला, "असलं काही लिहून देऊ नका हो. उद्या कूळ लागेल."