मराठीच्या आधाराने शिकलेली इंग्रजी

१८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईची गव्हर्नरी सोडून निघाले, तेव्हा शहरातल्या शेटसावकारांनी आणि संस्थानिकांनी त्यांच्या नावाने दोन लाखांहून अधिक रुपयांची वर्गणी जमवली. त्यातून इंग्रजी भाषा आणि पाश्चात्त्य शास्त्रे शिकवणारे प्राध्यापक विलायतेहून आणायचे ठरले. ऑर्लेबार आणि हार्कनेस हे पहिले दोघे यायला मात्र १८३५ साल उजाडले.

मराठी माणूस तोवर वाट पाहत बसला नव्हता. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले. त्याच्या पानावर दोन रकाने असत, एक मराठी आणि एक इंग्रजी. नव्याने इंग्रजी शिकणाऱ्याला बातमी वाचता वाचता वाक्याशी वाक्य ताडून पाहता येई. बाळशास्त्री तेव्हा जेमतेम विशीत होते!

त्या पिढीची थोरवी नुसत्या इंग्रजी येण्यात नव्हती. इंग्रजी शिकताना हाती आलेली हत्यारे तिने लगेच मराठीसाठी वापरली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापले, ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून. नाम, सर्वनामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत शब्दांच्या ज्या आठ जाती शाळेत घोकून घेतल्या जातात, त्यांची मांडणी त्या वळणाची आहे. इंग्रजी नमुन्याचा मराठीशी घातलेला हा सांधा सगळीकडे नीट बसला नाही. ‘टेबलावर’मधल्या ‘वर’साठीचा इंग्रजी शब्द नामाच्या आधी येतो आणि नामाचे रूप बदलत नाही. मराठीत ‘वर’ मागून येते आणि ‘टेबल’चे ‘टेबला’ करते. पुढच्या व्याकरणकारांनी दादोबांशी वाद घातले, पण वाद घालायला पाया त्यांनीच रचून दिला होता. मराठीतली विरामचिन्हेही याच व्यवहारातून आली. मेजर थॉमस कँडींनी ती रुजवली. मोल्सवर्थांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही कँडींचा मोठा वाटा होता.

दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग यांच्या घरची एक गोष्ट सांगायलाच हवी. १८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी सुधारण्यासाठी मुंबईत त्यांच्याकडे राहिले. त्यांना शिकवले ते आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा हिने. मुलींच्या शिक्षणाला नाके मुरडणाऱ्या त्या काळात ही शिकवणी चालली होती.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि टिळक, नामजोशी यांच्यासह १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. याच मंडळींनी पुढच्याच वर्षी मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’ सुरू केला. शाळेत येऊन मिळालेल्या आगरकरांनी शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणला. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या चार पदवीधरांतले न्यायमूर्ती रानडे विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून वगळलेली मराठी परत यावी म्हणून अखेरपर्यंत झगडले.

घरोघरी इंग्रजी पोचवली ती ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’ने. आधी नियम, मग शब्दार्थ, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी. काळ चुकला, कर्ता-क्रियापदाचा मेळ बिघडला की वहीत लगेच दिसे. उच्चार आणि संभाषण यांत ही पद्धत तोकडी पडे, हे खरे. पण वाक्याची घडण तिने पक्की केली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून असे, पुढे ती पाचवीपासून झाली आणि २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून आली. वर्षे वाढली, भाषांतराचा सराव मात्र आटला. हे नुकसान भरून काढता येण्याजोगे आहे. मराठी शाळांतल्या शिक्षकांनी आठवड्याचा निदान एक तास दुतर्फी भाषांतरासाठी राखून ठेवावा.