दमडी, चवली, पावली

गरीब विधवेच्या दानाची कथा (मार्क 12) आपण सर्वांनी बालपणापासून ऐकली आहे. तिने दानपेटीत टाकलेली दोन नाणी मूळ ग्रीकमध्ये ‘लेप्टा’, म्हणजे पातळ, चिमुकली. त्या दोहोंचा मिळून एक ‘क्वाड्रान्स’, अर्थात चौथाई, असा खुलासा मार्क लगेच करतो. मराठी भाषांतरात तिथे ‘दमडी’ आली. आमच्या मते निवड अचूक आहे. दमडीत किमतीबरोबर लोकांची तुच्छताही उतरली आहे.

आपल्या सोळा आण्यांच्या रुपयाच्या घरातही अशी नावे नांदत होती: आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली. 1943 पासून भोकाचा पैसा निघाला (लोक त्याचा वॉशर म्हणूनही उपयोग करीत!). 1 एप्रिल 1957 रोजी दशमान पद्धत आली. पावलीचे नेमके पंचवीस नवे पैसे झाले, म्हणून ती तगली. चवलीचे होत साडेबारा. तेवढ्याचे नाणे निघाले नाही आणि नावही विरले. पावली 2011 साली चलनातून गेली.

आता धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले विचारतात, दमडी म्हणजे किती? पैशाचाही अंश, असे आम्ही सांगतो. पण पैसाच त्यांनी पाहिलेला नसतो.