वाळवंटातलं गोल्फ : ‘ब्राऊन’ ते ‘ग्रीन’

दुबईत हिरवळ येण्याआधीही आखातात गोल्फ होतं. बहारीनमधलं अवाली, कुवेतमधलं अहमदी ही तेल कंपन्यांनी वसवलेली गावं. तिथली परदेशी मंडळी वाळूवरच खेळत. खळग्याभोवतीच्या ज्या जागेला एरवी ‘ग्रीन’ म्हणतात, तिथे तेल मिसळलेली वाळू दाबून बसवायची. तिचं नाव ‘ब्राऊन’! खेळाडू कृत्रिम गवताचा तुकडा बरोबर घेऊन फिरायचा, चेंडू त्यावर ठेवून फटका मारायचा. म्हणजे खेळाने भूमीशी जुळवून घेतलं.

१९८८ साली दुबईत एमिरेट्स गोल्फ क्लब सुरू झाला. आखाती देशांतलं पूर्ण गवताचं हे पहिलं मैदान. लगेच १९८९ मध्ये तिथे ‘डेझर्ट क्लासिक’ स्पर्धा झाली आणि टीव्हीवर जगाला हिरवी दुबई दिसली. तेल कायमचं पुरणार नाही, हे राज्यकर्ते जाणून होते. त्यांना पर्यटक हवे होते, गुंतवणूक हवी होती. पुढे तर मैदानांच्या कडेने महागडी घरं उभी राहिली.

पण पाणी कुठून आणायचं? तिथे बारमाही नदी नाही. समुद्राचं पाणी गोडं करायचं, म्हणजे इंधन जाळायचं. नंतर शुद्ध केलेलं सांडपाणी वापरात आलं. पण तेही बहुतांशी मुळात असंच गोडं केलेलं पाणी. पूर्वी तेल वाळूत मिसळत, आता हिरवळीसाठी इंधन जळतं, एवढाच फरक!

आता भूमीने खेळाशी जुळवून घ्यायचं. हे करता येतं, हे दुबईने सिद्ध केलं. पण करता येतं म्हणून ते करावंच का? विचार करा.