घड्याळाशी शर्यत

जानेवारीत पुण्याहून नातवाचा फोन आला. "आजोबा, आज आमच्याकडे रस्ते बंद आहेत, सायकलींची शर्यत आहे!" जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात 'पुणे ग्रँड टूर' ही टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, ती हीच. पहिल्या दिवशी सगळे एकदम सुटले नाहीत. थोड्या थोड्या वेळाने एकेक जण सोडला आणि प्रत्येकाला लागलेला वेळ मोजला. नातवाला ते पटेना. "शेजारी कोणीच नाही, मग शर्यत कुणाशी?" मी म्हटलं, "घड्याळाशी." फोन ठेवला, पण डोक्यातून विषय जाईना. त्याचं एक कारण इतिहासात आहे आणि दुसरं माझ्या स्वतःच्या एका चुकीत. दोन्ही आज लिहून टाकतो.

आधी इतिहास. ही एकेकट्याने धावायची पद्धत जन्मली इंग्लंडात, आणि तीही भीतीपोटी. १८९४ साली लंडनच्या उत्तरेच्या रस्त्यावर एका शर्यतीत काही सायकलस्वार एका घोडागाडीजवळून भरधाव गेले. घोडी बुजली, गोंधळ झाला, तक्रार पोलिसांपर्यंत गेली. रस्त्यावरच्या शर्यतींवर बंदी येणार असं दिसू लागलं. त्या सायकलस्वारांत एफ. टी. बिडलेक नावाचे गृहस्थ होते. त्यांनी तोड काढली. सगळ्यांना एकत्र सोडायचंच नाही, अंतर ठेवून एकेकाला सोडायचं, म्हणजे ती शर्यत वाटणारच नाही! ऑक्टोबर १८९५ मध्ये अशी ५० मैलांची पहिली स्पर्धा झाली. पुढे कित्येक वर्षं हे लोक भल्या पहाटे जमत. अंगात काळे कपडे, मार्गाची नावं सांकेतिक, पत्रकावर 'खाजगी' असा शेरा. एखादं पाप करावं तशी शर्यत! तिकडे हिवाळा सरला की मोसमाची सुरुवात अशाच छोट्या, चढउताराच्या स्पर्धांनी करण्याची क्लबांची रीत आहे. हिवाळाभर अंगात काय उरलं, ते तिथे कळतं.

पुढे १९४२ च्या जूनमध्ये, ऐन महायुद्धात, पर्सी स्टॅलर्ड यांनी पोलिसांना विचारून सुमारे ४० जणांना एकत्र सोडलं आणि लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी शर्यत घेतली. कुणाला काही झालं नाही. उलट शेवट पाहायला लोक लोटले. तरीही त्यांच्याच संघटनेने त्यांच्यावर बंदी घातली. नियम माणसासाठी असतो हे विसरलं की असं होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे, पुढे कळेल.

आपल्याकडे मात्र शर्यत म्हटली की सगळे एकदम, आणि रस्त्याच्या दुतर्फा गर्दी. महाराष्ट्रात सायकल शर्यत म्हणजे मुंबई-पुणे, आणि मुंबई-पुणे म्हणजे बोरघाट. हा घाटरस्ता १८३० साली गाड्यांसाठी खुला झाला. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांच्याही आत आणि खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. मधला चढ जो सर्वांत आधी संपवतो तो 'घाटाचा राजा'. पुण्याला पहिला कोण आला हे लोक विसरतात, घाटाचा राजा विसरत नाहीत. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. घाटातली वाट गोऱ्या साहेबाला या धनगराने दाखवली अशी कथा आहे. वाट दाखवणाऱ्याच्या पदरी काय पडलं, तेही त्या कथेत आहे.

भारताचे सायकलपटू परदेशी गेले ते १९३८ साली, सिडनीच्या ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये. जानकीदास नावाचे खेळाडू तिथे उतरले. तेच पुढे हिंदी चित्रपटांत लहानमोठ्या भूमिकांत दिसत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला सायकल संघ गेला, त्यात पारशी मंडळींचा मोठा भरणा होता. १९५२ आणि १९६४ लाही आपण गेलो. त्यानंतर २०२४ पर्यंत ऑलिंपिकच्या सायकलिंगमध्ये भारतीय दिसला नाही. आपल्या विदर्भाने मात्र एक मान मिळवला. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेची सुमारे ४,८०० किलोमीटरची आडवी शर्यत एकट्याने पूर्ण केली. तीही घड्याळाशीच! त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी तीच शर्यत जोडीने पुरी केली होती.

या सगळ्यांना आपण 'हौशी' खेळाडू म्हणतो. शब्द मोठा गोड आहे, पण त्याचा इतिहास तितका गोड नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या नौकानयनाच्या नियमांत हातावर पोट असणारा कारागीर किंवा मजूर हौशी धरलाच जात नसे. ज्याला कष्ट करावे लागतात त्याला हौस कसली, असा तो हिशेब. हे वाचून मी साहेबावर पुष्कळ चिडलो. मग आठवलं, मी तरी वेगळं काय केलं होतं?

१९८० नंतरची गोष्ट. माझ्या वर्गात दहावीला एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. पहाटे देऊळघाटहून बुलढाण्याला दूध घालून तो शाळेत यायचा. काळी, जड सायकल, मागे दोन्ही बाजूंना कॅन. त्या २६ जानेवारीला तालुक्याच्या गावी एका मंडळाने सायकल शर्यत ठेवली होती. हा कॅन उतरवून तसाच उभा राहिला आणि पहिला आला. बक्षीस मिळालं स्टीलचा डबा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यापुढे येऊन म्हणाला, "सर, मुंबई-पुण्याले जायचं हाय. वयाचा दाखला अन् तुमची चिठ्ठी पाहिजे म्हणतात."

मी म्हटलं, "मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे. आधी गणित पाहा. सायकलीने पोट भरत नाही."

तो खाली मान घालून म्हणाला, "सर, पोट तं सायकलच भरते."

वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला. दाखला मी 'उद्या पाहू' म्हणून ठेवला आणि तो उद्या कधी आला नाही. त्या वर्षी तो गणितात नापास झाला. पुन्हा शाळेत आला नाही.

नातवाच्या फोननंतर मी त्याला शोधत गेलो. म्हणजे शोधायचं काय, गाव केवढं! आता त्याचे केस माझ्याइतकेच पांढरे. घरी म्हशी आहेत, मुलगा मोटारसायकलवर दूध घालतो. चहा झाला. मी धीर करून म्हटलं, "त्या दाखल्याचं माझं चुकलं रे."

तो उठला आणि आतून दुधाच्या हिशेबाच्या जुन्या वह्या घेऊन आला. प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर एकच ओळ होती, तारीख आणि मिनिटं. दरवर्षी दिवाळी झाली, हवा सुकी झाली की एका सकाळी तो एकटाच राजूर घाट उतरायचा आणि मनगटावरचं घड्याळ बघून घाट चढायचा. कुणाला सांगितलं नाही, कुणी पाहिलं नाही. एकवीस वह्या, एकवीस ओळी. पाचव्या वर्षी पहिल्यापेक्षा तीन मिनिटं कमी. मग हळूहळू वाढत गेलेली मिनिटं.

"यासाठी कुणाचा दाखला लागत नाही, सर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

बिडलेकने ही तऱ्हा शोधली तेव्हा पोलिसांना चुकवायचं होतं. माझ्या विद्यार्थ्याला मला चुकवावं लागलं. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की अभ्यास करा, पुढे जा. ते चुकीचं नव्हतं. पण दोन ओळींच्या चिठ्ठीने गणित बुडालं नसतं, आणि चिठ्ठी न देऊनही ते वाचलं नाहीच.

निघताना मी विचारलं, "एकवीस वर्षांनी का थांबलास?" म्हणाला, "गुडघा." मग हसून म्हणाला, "तुमच्या नातवाले सांगा, सुट्टीत आला की घाट दाखवतो."

नातू मे महिन्यात येतो आहे. तेव्हा ऊन फार असेल, म्हणून त्याला दिवाळीतही ये म्हणून सांगितलं आहे. सायकल मी इथेच बघून ठेवतो. असो.