सूर्याच्या पुढे चालणारा तारा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायाखाली नाहीशी होते. त्याच दिवसांत रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास, माथ्याच्या जेमतेम चार अंश दक्षिणेकडून, सूर्याचाच एक वडीलधारा भाऊबंद जातो. कन्या राशीतील या ताऱ्यास रूढ नाव नाही. इंग्रज ज्योतिर्विद जॉन फ्लॅमस्टीड यांच्या नावाने चालणाऱ्या क्रमांकांनुसार तो '७० कन्या' म्हणून ओळखला जातो.

तारा आयुष्याचा बहुतेक काळ गाभ्यातील हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करीत काढतो. या अवस्थेस 'मुख्य क्रम' म्हणतात. ४.६ अब्ज वर्षे वयाचा सूर्य आज याच अवस्थेत आहे. सुमारे ५९ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ७० कन्याचे वस्तुमान सूर्याहून किंचितच अधिक आहे. वय मात्र सुमारे ८ अब्ज वर्षे. गाभ्यातील हायड्रोजन सरला की गाभा आकुंचन पावतो, त्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जळू लागतो आणि बाहेरचे थर फुगून थंडावतात. या वाटेला लागलेला हा तारा सूर्याच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचा व तिप्पट तेजस्वी झाला आहे.

या वाटेचा पुढचा टप्पाही शेजारीच दिसतो. नारिंगी स्वातीचे वस्तुमान सूर्याएवढेच असले, तरी तिचा व्यास सूर्याच्या सुमारे २५ पट झाला आहे. सूर्यही सुमारे ५ अब्ज वर्षांनी याच मार्गाने तांबडा राक्षसी तारा होईल. पृथ्वीला मात्र तेवढी सवड नाही. मुख्य क्रमावर असतानाच सूर्याचे तेज हळूहळू वाढत असल्याने साधारण एक अब्ज वर्षांत येथील सागर आटू लागतील, असा अंदाज आहे.

७० कन्याभोवती गुरूच्या सातपटींहून अधिक वस्तुमानाचा एक ग्रह ११७ दिवसांत फेरी मारतो. १९९६ मध्ये जेफ्री मार्सी व पॉल बटलर यांनी त्याचा शोध जाहीर केला.

स्वातीपासून कन्येतील एप्सिलॉन ताऱ्याकडे रेषा ओढल्यास दोन तृतीयांश अंतरावर हा तारा सापडतो. त्याची दृश्यप्रत ५ असल्याने शहराच्या उजेडात तो लोपतो. अक्कलकोट किंवा नान्नजच्या वाटेवर दिवे मागे पडल्यावर, चांदणे नसलेल्या रात्री, तो नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो.